दादीचा कुर्ता नातीला बसतो तेव्हा

रमजानचे शेवटचे दहा दिवस उरले की आमच्या घरात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या अत्तराचा वास घरभर होतो. आत अब्बांची निकाहातली शेरवानी आहे, १९६८ साली मुंबईत शिवलेली, आणि अम्मींचा त्याच दिवशीचा हिरवा कुर्ता. दरवर्षी त्यांना ऊन दाखवायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायचे, एवढाच कार्यक्रम असतो.

या वर्षी थोरल्या मुलाने गंमत म्हणून शेरवानी अंगात घातली. तो एकोणीस वर्षांचा आहे. बाह्या मनगटाच्या चार बोटे वर राहिल्या, खांदे आवळले, आणि गुडघ्याखाली यायला हवी ती शेरवानी गुडघ्याच्या वरच थांबली. सगळे हसले. अब्बा असते तर तेही हसले असते. मग अठरा वर्षांच्या लेकीने दादीचा कुर्ता घातला. तो असा बसला की जणू टेलरमास्तरांनी गेल्या आठवड्यात तिचेच माप घेतले असावे. खांदा बरोबर, बाही बरोबर, लांबी बरोबर. अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हीही कौतुकाने फोटो काढले आणि मस्कतला मामूंना पाठवले.

रात्री तरावीहनंतर घर शांत झाले तेव्हा आम्हाला त्या कौतुकातली दुसरी बाजू दिसली. नातू दादांपेक्षा पाच इंचांनी उंच झाला. नात मात्र दादीएवढीच राहिली, पाच फूट. एकाच घरात, एकाच चुलीवर पन्नास-पंचावन्न वर्षे गेली आणि त्या वर्षांनी मुलाला जे दिले ते मुलीला दिले नाही. (म्हातारपणी मणके दबून माणूस थोडा खाली बसतो, म्हणून आज दादीशेजारी उभे राहून माप घेतले तर फसायला होते. कपडा मात्र तरुणपणीचे माप जपून ठेवतो.)

एका घराच्या ट्रंकेतून सिद्धान्त काढू नये, हे आम्हाला कळते. लेक आजोळच्या अंगाने गेली असेल, असेही म्हणता येईल. पण त्या रात्रीपासून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि जे वाचले ते आपल्या घराघरांत पोचावे असे वाटले.

मुलांची उंची नेमाने मोजण्याचा नाद तसा जुना आहे. फ्रान्समधल्या मॉन्तबेयार नावाच्या उमरावाने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा मोजून टिपून ठेवली. एकाच मुलाच्या वाढीची इतकी लांब नोंद त्याआधीची सापडत नाही. पुढच्या शतकात फ्रान्समध्येच विलेर्मे नावाच्या डॉक्टरने सैन्यभरतीची मापे तपासली आणि गरीब भागातले तरुण बुटके, सुखवस्तू भागातले उंच, हे १८२९ साली आकड्यांनी दाखवून दिले. तोवर लोक हवापाण्याला आणि वंशाला दोष देत होते. विसाव्या शतकात इंग्लंडचे डॉ. जेम्स टॅनर यांनी मुलांच्या वाढीचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांच्या लिखाणाचा सारा रोख हाच आहे की मुलांची उंची हा समाजाचा आरसा असतो. समाजात अन्न कसे वाटले जाते, पाणी कसे आहे, आजारपण किती आहे, हे सगळे त्यात दिसते.

त्या आरशातली काही चित्रे थक्क करणारी आहेत. आज जगात सर्वांत उंच पुरुष नेदरलँड्सचे, सरासरी १८२ सें.मी.च्या वर. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सैन्यात भरती होणारा डच तरुण १६५ सें.मी.च्या आसपासच होता, म्हणजे आजच्या सरासरी भारतीय तरुणाएवढा! १८९६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली जन्मलेल्या पिढ्यांची तुलना करणारा एक मोठा जागतिक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांमध्ये सर्वांत जास्त वाढ दक्षिण कोरियाची निघाली, शंभर वर्षांत २० सें.मी. पुरुषांमध्ये पहिला नंबर इराणचा, साडेसोळा सें.मी. शंभर वर्षांत माणसाचे रक्त बदलत नाही. बदलतात ते ताट, विहीर, संडास, दवाखाना आणि घरातल्या मुलांची संख्या.

जपानचे उदाहरण आम्हाला सर्वांत जास्त लागले, कारण तिथे शाळांमध्ये मुलामुलींची उंची १९०० सालापासून मोजत आले आहेत. त्या साली सतरा वर्षांचा जपानी मुलगा सरासरी १५७.९ सें.मी. होता आणि मुलगी १४७. शतक संपताना मुलगा जवळजवळ १७१ आणि मुलगी १५८. मुलगा तेरा वाढला, मुलगी अकरा. म्हणजे दोघे जवळपास बरोबरीने वाढले. मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या उपासमारीत दोघांचीही उंची घसरली होती, तीही बरोबरीनेच भरून निघाली.

आता आपल्याकडे या. नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रत्यक्ष मोजलेल्या स्त्री-पुरुषांच्या उंचीचा अभ्यास केला. भारतातले पुरुष दर दहा वर्षांना साधारण अर्धा सें.मी.ने उंच होत गेले आणि बायका त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेच, असे त्यांना आढळले. शंभर वर्षांचा हिशेब मांडणारे काही अंदाज बायकांना इतके मागे दाखवत नाहीत, हेही सांगायला हवे. पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जन्मलेल्या पिढ्यांना प्रत्यक्ष पट्टी लावली तेव्हा जे दिसले ते हे. आमच्या ट्रंकेतले चित्र एकट्या आमच्या घरचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी इफ्तारची भजी तळताना आम्ही अम्मींना विचारले, ‘अम्मी, तुमच्या लहानपणी घरात दूध कुणाला मिळायचं?’ त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाल्या, ‘एक म्हैस होती. दूध विकायला जायचं. उरलं तर अब्बांच्या चहाला, मग भावांना. कोंबडीनं अंडं दिलं तर ते भावाच्या ताटात. आम्ही बहिणी सालन-भाकरी खायचो. कुणी उपाशी नाही ठेवलं हो आम्हाला.’ त्या शेवटच्या वाक्यात तक्रार अजिबात नव्हती, आणि ते खरेही होते. भाकरी पोटभर होती. पण पोट भरणे वेगळे आणि हाड वाढणे वेगळे. वाढीला दूध, अंडे, मासळी, डाळ, पालेभाजी, फळ लागते. नेमक्या ह्याच गोष्टी घरात मोजून येतात आणि वाटताना कुणाला तरी कमी पडतात.

आणि आम्ही स्वतः? आमच्या घरात मुलीला कमी द्यायचे असे कुणी कधी ठरवले नाही. पण आठवले तर मधली चार-पाच वर्षे हात आखडलेला होता आणि दूध अर्धा लिटरच यायचे. तेव्हा पेला मुलाच्या हातात जायचा, कारण तो दिवसभर क्रिकेट खेळून दमून यायचा. लेक म्हणायची, मला दूध आवडत नाही. आम्ही ते लगेच मान्य केले. मुलाने तसे म्हटले असते तर आम्ही वेलची घालून, साखर घालून, मागे लागून पाजले असते. सालनात नळी निघाली की ती कुणाच्या ताटात जाते, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या दस्तरखानावर एकदा बघावे.

मुलांची वाढ सारखी होत नाही, ती टप्प्यांनी होते. जन्मताना मूल साधारण ५० सें.मी.चे असते. पहिल्या वर्षात ते २५ सें.मी. वाढते, दुसऱ्यात दहा-बारा. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास ते आपल्या मोठेपणीच्या उंचीच्या जवळजवळ निम्म्यावर पोचलेले असते. म्हणून पोटातले नऊ महिने आणि पहिली दोन वर्षे यांना डॉक्टर इतके महत्त्व देतात. या काळात वारंवार जुलाब झाले, वरचे अन्न उशिरा किंवा पातळ दिले, तर जी उंची मागे पडते ती पुढे सहजासहजी भरून निघत नाही. सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. पण सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाच्या जोडीला घट्ट अन्न लागते, याकडे आपल्या घरांत तेवढे लक्ष जात नाही. वर्षाच्या बाळाला डाळीचे नुसते वरचे पाणी देऊन ‘डाळ खाल्ली’ म्हणणाऱ्या आया आम्ही किती तरी पाहिल्या. अंड्याचा बलक, कुस्करलेली मासळी, तूप घातलेली मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व हे सगळे आपल्या स्वयंपाकघरात आहे. त्यासाठी महागड्या डब्यातली पावडर लागत नाही. टीव्हीवरच्या त्या जाहिरातींत पावडर पिऊन मुले भराभर उंच होताना दिसतात, त्यावर आमचा काडीचाही विश्वास नाही.

‘आपली माणसे मुळातच बुटकी’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याचे उत्तर, योगायोग असा की, मामू राहतात त्या मस्कतमध्ये सापडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात जगातल्या सहा ठिकाणी मुलांची वाढ मोजली. अमेरिकेतले डेव्हिस, ब्राझीलमधले पेलोटास, घानातले अक्रा, नॉर्वेतले ओस्लो, ओमानमधले मस्कत आणि आपली दक्षिण दिल्ली. सगळी मिळून साडेआठ हजारांच्या आसपास मुले. अट अशी होती की आई धूम्रपान करणारी नसावी, बाळाला अंगावर पाजलेले असावे, आणि घरची परिस्थिती वाढीला आड येणारी नसावी. निकाल असा आला की पाच वर्षांपर्यंत सहाही ठिकाणची मुले जवळजवळ सारखीच वाढतात. दिल्लीचे मूल, मस्कतचे मूल आणि ओस्लोचे मूल यांना सारखी संधी मिळाली तर तिघांची उंची जवळपास एकच. अंगणवाडीत ताई ज्या तक्त्यावर मुलाचे वजन-उंची टिपतात तो याच अभ्यासातून २००६ साली तयार झाला.

त्या तक्त्यावर लावून पाहिले तर २०१९-२१ च्या पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. २००५-०६ मध्ये हाच आकडा ४८ होता, म्हणजे देशाने बरीच मजल मारली. महाराष्ट्र मात्र मधल्या काळात जागचा हलला नाही. २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि पुढच्या पाहणीत ३५.२.

मुस्लिम मुलांच्या बाबतीत एक कोडे अभ्यासकांना बरीच वर्षे पडले होते. गरिबी आणि आईचे कमी शिक्षण पाहता आपल्या समाजात बालमृत्यू जास्त असायला हवे होते. उलट ते कमी निघाले. २००५-०६ पर्यंतच्या पाहण्यांत पाच वर्षांच्या आतले मृत्यू हिंदू घरांच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात बालमृत्यू कमी असल्याची नोंद घेतली आहे. पुढे काही अभ्यासकांनी याचे मोठे कारण संडासाचा वापर हे दाखवले. गरीब मुस्लिम घरांत आणि त्यांच्या शेजाऱ्यांतही उघड्यावर जाणे कमी, म्हणून लहान मुलांना जुलाब कमी. हा भेद धर्माने पडत नाही, तो वस्तीने पडतो. स्वच्छ वस्तीत राहणाऱ्या सगळ्यांच्याच मुलांना हा फायदा मिळतो.

पण त्याच सच्चर अहवालात दुसरी ओळ आहे, ती आपण फारशी सांगत नाही. मुले जगतात, पण खुजेपणाचे प्रमाण मुस्लिम मुलांत जास्त. जगण्याचा पहिला टप्पा पार पडला आणि वाढीचा राहिला. आमच्या मते याचे उत्तर आईच्या ताटात शोधावे लागते.

ते कसे, हे समजायला पुण्याकडे जायला हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची उंची, वजन, आहार नोंदवला, मग त्यांच्या बाळांची मापे घेतली आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्या आयांची सरासरी उंची १५२ सें.मी. होती, वजन बेचाळीस किलोच्या आसपास. १५२ म्हणजे पाच फूट. आमच्या ट्रंकेतल्या कुर्त्याचेच माप! त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे वजन साडेतीन किलो होते.

त्यातही एक गोष्ट अशी निघाली की ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ही बाळे लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी तेवढी कमी नव्हती. कमी होते ते मांस आणि स्नायू. डॉक्टर याज्ञिकांनी पुढे स्वतःचे आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचे उदाहरण छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला सडपातळ माणसाला चाळिशीत साखर का लागते, याचे एक मूळ असे आईच्या पोटापर्यंत जाते. म्हणून खुजे राहिलेल्या मुलाला नंतर वेफर, थंड पेये आणि बेकरीचा माल घालून ‘भरवणे’ हा उपाय नव्हे. त्याने उंची वाढत नाही, पोट वाढते.

त्या खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे मोठी जन्मली. नुसते पोट जास्त भरल्याने तेवढा फरक पडला नाही. आणि ज्या बायका गरोदरपणातही शेतात राबत, पाणी वाहत होत्या त्यांची बाळे लहान. कोकणात उन्हाळ्यात पाण्यासाठी घाटी चढणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

इथे एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मुलीच्या शरीरातली बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे जिच्या पोटी नात जन्मली, ती आई जेव्हा नानीच्या पोटात होती तेव्हाच नातीचे बीज तिथे होते. नानीने त्या महिन्यांत काय खाल्ले, किती कष्ट काढले, त्याचा परिणाम नातीपर्यंत पोचू शकतो. उंची एका पिढीत उडी मारत नाही याचे हे एक कारण असू शकते. खुजी राहिलेली आई, तिचे लहान गर्भाशय, लहान बाळ, आणि ते बाळ मुलगी असेल तर पुन्हा तेच चक्र. डॉक्टर मुलीच्या अपेक्षित उंचीचा अंदाज काढतात तो आईवडिलांच्या उंचीवरून. दोघांची बेरीज, त्यातून १३ वजा, मग निम्मे. मुलासाठी १३ मिळवायचे. हिशेब ठीक आहे, पण त्यात आईची उंची जशी आहे तशी धरलेली असते. तीच जर लहानपणीच्या कमतरतेने दबलेली असेल तर मुलीचे लक्ष्यही आपण आपोआप खाली आणतो, आणि मग ‘आईवर गेली’ म्हणून समाधान मानतो.

रमजानचा विषय इथे टाळता येत नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. तरीही आपल्याकडच्या बायका ‘होतोय ना, मग का सोडायचा’ म्हणून रोजे धरतात, आणि घरातली मोठी माणसे शाबासकी देतात. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या अरब मातांच्या बाळांचे वजन पोटात असताना रमजान आला तर किंचित कमी आढळले. इंडोनेशियात मोठ्या माणसांची मापे घेतली तेव्हा रमजान पोटात असताना गेलेले लोक थोडे सडपातळ निघाले, आणि ज्यांचा गर्भ रमजानमध्येच राहिला ते उंचीलाही किंचित कमी. फरक थोडे आहेत, घाबरून जाण्यासारखे नाहीत. आणि आईने रोजे धरले होते की नव्हते हे या अभ्यासांत विचारलेले नव्हते, फक्त महिना पाहिला होता. पण सवलत असताना ती न घेण्यात कसली फजिलत, हा प्रश्न घरातल्या सासूने आणि नवऱ्याने स्वतःला विचारावा. तपशील आपल्या आलिमांकडून आणि डॉक्टरांकडून समजून घ्यावा. सून बिचारी स्वतःहून कधी म्हणणार नाही.

वाढीचा दुसरा मोठा टप्पा वयात येतानाचा, आणि पिढ्यांमधला बदल इथेही आहे. दीडशे वर्षांपूर्वी युरोपात मुलींना पहिली पाळी सोळाव्या वर्षाच्या आसपास येई, आता तेराव्याच्या. आपल्याकडे हा बदल सावकाश आहे, पण खात्यापित्या शहरी घरांत पाळी साडेबाराच्या सुमारास येते. आयांना याची फार काळजी वाटते, ‘इतक्या लवकर कशी?’ म्हणून. त्यात बहुधा काळजीचे काही नसते. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर मात्र मुलीला डॉक्टरांना दाखवावे. मुलात नऊच्या आत वयात आल्याची चिन्हे दिसली तरी दाखवावे.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पहिल्या पाळीच्या साधारण वर्षभर आधी. पाळी आल्यानंतर सरासरी पाच-सात सें.मी.च वाढ उरते. आणि आपण काय करतो? पाळी आली की मुलीला मेथीचे लाडू, खोबरे, खारीक खाऊ घालतो. जीव लावून करतो, पण गाडी तोवर स्टेशनातून निघालेली असते. खरी भूक नऊ ते बारा या वयात लागते. नेमक्या त्याच वयात मुलगी घरकामाला जुंपली जाते, ‘आता मोठी झाली’ म्हणून तिचे खेळणे थांबते, आणि तिच्या ताटाकडे कुणाचे लक्ष नसते. मुलाची वाढ दोन वर्षे उशिराने होते, चौदाच्या सुमारास. तेव्हा तो भाकरीवर भाकरी मागतो आणि सारे घर कौतुकाने वाढत राहते.

देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी महाराष्ट्रात २१.९ टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. जिच्या स्वतःच्या हाडांची वाढ नुकतीच संपली आहे, रक्त कमी आहे, तिच्या पोटात बाळ आले तर दोघांनी एका ताटात वाटून खायचे असते. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, पण आपल्या मोहल्ल्यातली किती नावे त्यात बसतील हे आपल्याला ठाऊक आहे.

उंच होणे हेच सर्वस्व नाही, हेही तितकेच खरे. नेदरलँड्समध्ये २००१ साली जन्मलेले तरुण १९८० साली जन्मलेल्यांपेक्षा एक सें.मी.ने बुटके निघाले, तरुणी १.४ सें.मी.ने. काही अंशी परदेशांतून आलेल्या कुटुंबांमुळे आणि काही अंशी, तिथल्या लोकांच्या मते, खाण्याच्या बदललेल्या सवयींमुळे. वाढीलाही कुठे तरी थांबा असतो. पाच फुटांची बाई घर चालवते, शाळा चालवते, दवाखाना चालवते. अम्मींनी पाच फुटांतच आम्हाला सगळ्यांना वाढवले. लग्नाच्या बाजारात मुलीची उंची विचारणाऱ्यांना हा लेख वाचून आणखी एक निमित्त मिळू नये, एवढी आमची दुआ आहे.

आमच्या थोरल्या लेकीची उंची आता वाढणार नाही. तिच्याशी आम्ही हे सगळे बोललो. ती हसली आणि म्हणाली, ‘मला खरंच दूध आवडत नव्हतं.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘पण अंडं आवडायचं.’

धाकटी नऊ वर्षांची आहे. ईदनंतरच्या रविवारी सकाळी तिला स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीला उभे केले. सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस जवळजवळ सेंटिमीटरभर दबतो. वेणी सोडायला लावली, चपला काढल्या, टाचा, पाठ आणि डोके भिंतीला टेकवले, नजर समोर. डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे धरून खाली पेन्सिलने रेघ मारली आणि टेपने मोजली. १२९ सें.मी. शेजारी तारीख लिहिली. या वयात वर्षाला पाच-सहा सें.मी. वाढ व्हायला हवी. चारच्या खाली आली तर मुलांच्या डॉक्टरांकडे जायचे, असे ठरवले आहे. पुढची रेघ सहा महिन्यांनी. दूध आता पाऊण लिटर येते, आणि वाटायचे काम अम्मींनी स्वतःकडे घेतले आहे. पहिला पेला धाकटीचा.